कुंकवाने चिकटलेली पाने

मित्रांनो, मी निघोजे गावच्या मारुतीच्या देवळातली एक जुनी पोथी आहे, आणि मला नुसते हात जोडलेले मुळीच आवडत नाहीत. राग आला तर येऊ द्या, मी बोलणार.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. सुटी लांबट पाने, टपोरी अक्षरे. बोध म्हणजे काय, हे साध्या माणसाला कळावे म्हणून मला छापले. गावात मात्र मला लाल फडक्यात बांधले. दर श्रावणात दत्तोबा गुरव मला चौरंगावर ठेवून डोळे मिटून अध्याय म्हणत आणि शेवटच्या अध्यायापाशी थांबत. "म्होरला बोध गुप्त हाय. ज्याचा त्याला आतून व्हतो," असे सांगत. मग समाप्तीचे गंध-कुंकू त्याच शेवटच्या पानांवर पडे. वर्षानुवर्षे ती पाने चिकटत गेली. माझ्यात गुप्त असे काहीच नव्हते! माझा नुसता जळफळाट होई.

चोपन्न सालच्या श्रावणात रतनबाई उभी राहिली. शेतातले काम उरकून ती दुपारी प्रौढांच्या वर्गाला जाई.

"बारा वर्सं ऐकतेय, दत्तोबा. बोध म्हंजी काय? पोथीत लिव्हलंय न्हवं? मग वाचा की."

"बाईमाणसानं पोथीला हात लावला, तर पुन्हा देवळाची पायरी चढायची न्हाई," दत्तोबा कडाडले.

"नगा चढू देऊ," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. बांगडीत अडकवलेली पिन काढून तिने पाने सोडवली. एक कोपरा फाटला. मला दुखले, पण किती बरे वाटले!

अक्षरावर बोट ठेवत, अडखळत तिने वाचले, "ज्याला कळले, त्याने न कळलेल्याच्या शेजारी बसावे."

दत्तोबांची मान खाली गेली.

"मला अक्षर येत न्हाई, रतन," ते हळूच म्हणाले. "बापानं समदं तोंडी शिकवलं. ह्यो अध्याय ऱ्हायला, आन् तो गेला."

रतनबाई उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मित्रांनो, फडक्यात बांधलेले पुस्तक दिसले, तर खुशाल सोडा. पान फाटले तरी चालेल. कोणी अडवले, तर त्यालाच वाचायला सांगा. त्याला येत नसेल, तर मात्र हसू नका. थोडे सरका आणि त्याला जागा द्या.