सोळाशे चाळीस ग्रॅम

काट्यावर बाळ ठेवलं आणि मोबाइलवर हिरवा दिवा लागला: सगळं ठीक. सोळाशे चाळीस ग्रॅम. नर्स सीमा वळवीने काटा शून्यावर आणून बाळ पुन्हा ठेवलं. पुन्हा हिरवा.

"बाई, दूध नाय ओढत," रिना म्हणाली. कालच बाळंत झालेली, डोंगरातली पोर.

"महावीरभाऊ, पहिले अठराशेना खाले लाल व्हये ना?" सीमाने विचारलं.

अक्कलकुव्याचा महावीर कंपनीतर्फे सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायला उपकेंद्रात बसला होता. आज शेवटचा दिवस. "ताई, हाई सोताच शिकस. जठला मानसं, तठलं माप. तुम्हीच शिकाडं तेले."

"मी?"

त्याने मोबाइल फिरवला. दोन महिन्यांत एकोणीस वेळा लाल. प्रत्येक लालखाली सीमाने बोटाने दाबलेलं: 'धोका नाही'.

तेव्हा लाल लागूनही रुग्णवाहिकेची गाडी यायची नाही. वर तालुक्याच्या साहेबाचा फोन, नोंद उघडी का? मग 'धोका नाही' दाबून ती बंद करायची. सगळ्याच उपकेंद्रांतल्या सगळ्याच नर्स तसं करायच्या. त्या मुकाट यंत्राने ते खरं धरलं. इथली पोरं एवढीशीच असतात आणि जगतात, असं शिकलं. साहेबांना उपासमारीची सवय झाली होतीच, आता यंत्रालाही झाली.

या महिन्यापासून कुठे घाटाखाली एक गाडी उभी राहू लागली होती. तिने ड्रायव्हरला फोन लावला.

"माझ्याकडे लाल दिसत नाही, मॅडम. लाल करा, लगेच निघतो."

बाळाचे ओठ निळसर पडत होते.

"भाऊ, जुनं माप लाव!"

"लावता येई. पन कारन लिखनं पडी. खोट्या नोंदी तुम्ही कऱ्यात, असं. सहीसकट." महावीरचा आवाज खाली आला. "ताई, तुम्ही कंत्राटी शेतस. नोकरी जाई."

"आनि हाई पोर गयं, ते तुन्हं यंत्र काय शिकी? अजून हिरवं?"

तिने त्याच्या हातातला पेन ओढला आणि त्याच्या चाचणीच्या कागदावर लिहिलं. 'एकोणीस वेळा मी खोटं लिहिलं.' खाली पूर्ण नाव, सही.

महावीरने मान खाली घालून बटणं दाबली. बाळ तिसऱ्यांदा काट्यावर गेलं. लाल.

ड्रायव्हरचा फोन आला. "निघालो. पाऊण तास."

सीमाने बाळाला पोटाशी घेतलं, पदराखाली, उघड्या कातडीला लावून. गळ्यातल्या ओळखपत्राची कड त्याच्या गालाला रुतत होती. तिने एका हाताने ते मानेवरून काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि बाळाचं डोकं नीट टेकवून घेतलं.