गोजरबाईच्या वाती

"किती झाल्या बाई?" सुभद्रानं उंबऱ्यातूनच विचारलं.

"थोड्या राह्यल्या." गोजरबाईनं मांडीवरचा कापूस बाजूला सारला. तीन वर्षांपासून ती हेच सांगत आली होती.

"माह्या चार हजारबी नाही झाल्या. पुनव आठ दिसांवर आली." धाकटी जाऊ आत येऊन भिंतीला टेकली. "नवस बोलतानी मले काय माहीत लाख म्हन्जे केवढा असते? मानूस तापानं फनफनून राह्यलं होतं. तोंडात आलं ते बोलली."

"देवाजोळ बोलतानी थोडं कमी बोलाव, पोरी."

दोघी हसल्या. मग सुभद्रानं पदर डोळ्यांना लावला. भादव्यात तिचा नवरा शालिग्राम विषमज्वरातून उठला होता. त्रिपुरी पौर्णिमेला जोडीनं बसून महादेवापुढं लाख वाती जाळू, असं ती बोलून बसली होती.

"तुमच्या द्या न बाई. भीक समजा."

गोजरबाईनं बाजूला सारलेला कापूस पुन्हा मांडीवर ओढला.

लक्षवातींच्या उद्यापनाला घरच्या रीतीनं नवरा-बायकोच बसायची. गोजरबाईचा नवरा महाराष्ट्र झाला त्या साली गोसाव्यांच्या मेळ्यामागं निघून गेला. पोरबाळ नव्हतं. चार दिवस ती दारात बसून राहिली. पाचव्या दिवशी कापसातली सरकी काढून वाती वळायला बसली. लाख पुऱ्या होतील तेव्हा शेजारच्या पाटावर तो असेल, असं तिनं देवाशी परस्पर ठरवून टाकलं. रोज न्हाऊन तुळशीला पाणी घालायचं, आणि पन्नास वाती झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

साडेपाच वर्षांत लाख भरल्या. तो आला नाही. ओंकारेश्वराहून त्याचं एक कार्ड मात्र आलं होतं. 'मी सुखी आहे. वाट पाहू नये.' वाचून दाखवताना शाळेच्या मास्तरांनीच मान खाली घातली होती. वाट पाहू नये असं मालकांनी लिहिलं, देवानं कुठं लिहिलं, असं म्हणून ती पुन्हा वळायला बसली. कोणी विचारलं, की थोड्या राह्यल्या.

आता तिनं उठून फडताळाखालचे पत्र्याचे डबे ओढले. कसर लागू नये म्हणून घातलेला कडुनिंबाचा पाला वरून काढून टाकला.

"घेऊन जाय. लाख पुऱ्या हायेत."

"पन तुमी तं..."

"म्हनली असन."

सुभद्रानं डब्याला हात लावला आणि मागं घेतला. "अन् भासरे परत आले तं?"

"त्याचं देव पाहीन. उशीर देवाचा नसते वं. आपूनच आधी येऊन बसतो."

बोलली खरी, पण जाऊ गेल्यावर डब्यांच्या जागी जमिनीवर उमटलेले गोल ती बराच वेळ पुसत होती.

पौर्णिमेला बीबी गावाहून गुरुजी आले. गावाला ते नवीन होते. शालिग्राम आणि सुभद्रा शेल्याची गाठ बांधून पाटांवर बसले. तुपात भिजलेल्या वाती मोठ्या परातीत रचल्या गेल्या. गोजरबाई बायकांच्या मागं, खांबाशी उभी होती. इतक्या सकाळींचा एवढासाच ढीग झाला, याचं तिला नवल वाटलं.

"गुरुजी," सुभद्रा म्हणाली, "वाती माह्या जावेच्या हातच्या हायेत. संकल्पात तिचंबी नाव घ्या."

"घेऊ की. त्यांच्या यजमानांचं नाव?"

सुभद्रा खाली पाहू लागली. भासऱ्यांचं, थोरल्या दिराचं नाव ती कसं घेणार? शालिग्राम शेल्याची गाठ नीट करू लागला. नऊ वर्षांत त्या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

"उखान्यात घे वं गोजर," म्हातारी जनकाबाई म्हणाली. "लाज कायची?" मागं कोणीतरी खुदकन हसलं.

गोजरबाई पुढं आली. पदर सारखा केला.

"इंद्रभान," ती म्हणाली. उखाणा नाही, काही नाही.

गुरुजींनी तिच्याकडे, मग रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आहेत ना?"

"हाव. आहेत."

गुरुजींनी संकल्प म्हटला. न कळणाऱ्या त्या शब्दांमधून ते नाव एकदा स्वच्छ ऐकू आलं. शालिग्रामनं वाती पेटवल्या. जाळ छताकडे गेला. आच लागली तशा बायका एकेक करून मागं सरकल्या. गोजरबाई जिथं होती तिथंच उभी राहिली.