तीन फुटांचा उतार

टेलरकाकांनी व्हॅनच्या मागच्या दाराशी गुडघे टेकले, चौकटीला टेप लावला, आकडा पाहिला आणि कानामागची पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. व्हॅनवाली आरशातून बघत होती. हातात फडकं धरून तिने आरसा पुसायचं नाटक चालवलं होतं. पण एकच आरसा माणूस पुसून पुसून किती वेळ पुसणार?

“काय मोजताय, काका?”

“काही नाही हो. सवय. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता हाताला स्वस्थ बसवत नाही.”

ते उठले, पँटचे गुडघे झटकले आणि रॅम्पवरून तुरुतुरु चालत व्हॅनमध्ये चढले. हाच तर प्रश्न होता. तिची व्हॅन होती चाकाच्या खुर्चीतल्या माणसांसाठी. मागचं दार पूर्ण उघडायचं, घडीचा रॅम्प खाली सोडायचा, खुर्ची माणसासकट वर घ्यायची आणि चार पट्ट्यांनी जमिनीला बांधायची. तिच्या गाडीत बसणाऱ्यांपैकी कोणी धडपणे उभा राहू शकत नव्हता. आणि हा गृहस्थ सलग पाचव्या मंगळवारी दोन धडधाकट पायांवर येत होता, वर गाडीतल्या जादा खुर्चीत बसून “बांधा, ताई, नेहमीसारखं बांधा” म्हणत होता.

एकदा बांधल्यावर त्यांनी पट्टी ओढून पाहिली. मग दुसरी. मग विचारलं, की गाडी वळताना खुर्ची किती हलते.

“बसलाय ना तुम्ही? कळेलच,” ती म्हणाली, आणि जरा जास्तच जोरात दार लावलं.

घरी पुढच्या खोलीत तिची नणंद फोन सांभाळायची. कोणाला कुठून उचलायचं, कुठे सोडायचं, कोणाच्या घरी लिफ्ट बंद आहे, हे सगळं तिच्या डायरीत असे. जिभेला हाड नव्हतं, पण धंदा उभा राहिला तो निम्मा तिच्याच जिभेवर. काका टेप लावतात हे ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

“टेलरला गाडीचं माप कशाला हवंय? गाडीला काय सदरा शिवणार आहे?”

“सवय म्हणतो.”

“सवय! वहिनी, तू इतकी भोळी कधीपासून झालीस? त्या दिवशी मेकॅनिक काय म्हणाला? कोणीतरी खुर्चीच्या दोन गाड्या काढतंय म्हणून. नव्याकोऱ्या. आता त्या कोणी डोळे मिटून काढणार आहे का? तू तीन वर्षं ठेचा खाऊन जे शिकलीस ते फुकटात शिकायला माणूस धाडलाय. म्हातारा, गोड बोलणारा, वहीवाला.”

“अगं, पण तो टेलर.”

“टेलरला जावई नसतो का?”

गावात अशी गाडी एकच होती आणि घर त्या एका गाडीवर चालत होतं. व्हॅनवालीच्या नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून तर फक्त तिच्यावर. समोर दोन चकचकीत गाड्या आल्या, तर तिच्या या जुन्या पाव पोचवायच्या गाडीला कोण विचारणार? तिला एकाएकी त्या म्हाताऱ्याचा राग आला. इतका, की ताटात वाढलेलं तिने तसंच सारून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी तिने त्यांना हॉस्पिटलच्या पायरीशी सोडलं आणि गाडी लावून मागोमाग आत गेली. काका केस-पेपरच्या खिडकीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. सरळ लिफ्टपाशी गेले. लिफ्ट आली, माणसं उतरली, चढली; काकांनी दाराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टेप धरला आणि वही काढली. मग दुसऱ्या मजल्यावर गेले आणि पाच मिनिटांत जिन्याने परत आले. हातात ना चिठ्ठी, ना औषध. ती खांबाआड उभी राहून हे सगळं बघत होती आणि तिच्या मनातली शेवटची शंकाही फिटली. आजारी माणूस लिफ्टचं दार मोजत नाही. तिथून रोज खुर्च्या नेणारा मोजतो.

परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काकांनी मागून विचारलं,

“ताई, एक विचारू? हा तुमचा रॅम्प सहा फूट आहे.”

“मोजलात वाटतं.”

“मोजला. तुमच्या गाडीची उंची जेमतेम फूटभर. मग फूटभर चढायला सहा फूट लागतातच का? समजा, जागा कमी असेल, तर किती आखूड चालेल?”

जागा कमी. म्हणजे गाडी लहान. लहान गाडी, कमी तेल, गल्लीबोळात शिरायला सोपी. तिच्या डोळ्यांसमोर ती दुसरी गाडी उभीच राहिली, पांढरी, बाजूला मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली.

याचं उत्तर तिला जितकं ठाऊक होतं तितकं कोणालाच नसेल. सासऱ्यांचं अंग एका बाजूने गेलं तेव्हा टॅक्सीवाले खुर्ची दिसताच काच वर घ्यायचे. म्हणून तिने ही गाडी घेतली आणि वेल्डरकडून रॅम्प करून घेतला, तीन फुटांचा. रिकामी खुर्ची त्यावरून लोण्यासारखी वर गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सासरे बसले. अर्ध्यात खुर्चीने मागे जोर केला, तिचे हात सुटले आणि ते खुर्चीसकट खाली आले. त्यांचा चांगला खांदा, एवढा एकच चांगला होता, तो पुढे मरेपर्यंत वर गेला नाही. सहाचा रॅम्प त्यानंतरचा.

“तीन फूट पुरे,” ती म्हणाली.

“तीन?”

“तीन. हा सहाचा म्हणजे वेल्डरने मला घातलेली टोपी. आता तोडून कुठे टाकू म्हणून वापरते.”

मागे पेन्सिलीचा आवाज झाला.

“माझी मोठी चिंता मिटवलीत, ताई.”

“उंची बघून एकदा तपासून घ्या म्हणजे झालं,” ती म्हणाली.

“मी नाही बघत. आम्हा टेलरांचं एक असतं. ज्याचं काम त्याने माप सांगितलं, की ते फिरून तपासायचं नसतं. अपमान होतो माणसाचा.”

सिग्नल सुटला. तिने पहिला गिअर टाकायच्या ऐवजी तिसरा टाकला आणि गाडी धक्का खाऊन बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवला. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण घासातला खडा जिभेने बाजूला सारावा तसं तिने ते बाजूला सारलं. चोराला वाट चुकीची दाखवली तर त्यात पाप कसलं?

नणंदेने ऐकलं आणि टाळी दिली. “बस्स! पडू दे त्यांची खुर्ची एकदा, मग लोक झक मारत आपल्याकडेच येतील.”

“खुर्चीत कोणीतरी बसलेलं असतं गं.”

“ते त्यांचं ते बघतील.”

व्हॅनवाली उठून गाडीच्या काचा पुसायला गेली.

पुढच्या मंगळवारी टेलरकाकांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नणंदेने डायरीतल्या त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून “काम झालं, गेला” असं दोनदा म्हटलं. व्हॅनवालीला मात्र रस्त्यात कुठली पांढरी गाडी दिसली की मान वळवून मागचं दार बघायची सवय लागली. मेकॅनिकला विचारलं, तर त्याला आपण असं काही बोललो होतो हेच आठवेना.

शुक्रवारी सकाळी नणंदेने एक नवीन पत्ता दिला.

“बाईमाणूस होती फोनवर. खुर्ची एक, सोबत एक. हॉस्पिटल, दुसरा मजला, कृत्रिम पायांचं खातं. आवाज असा, की मागून कोणीतरी ढोसून बोलायला लावतंय.”

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना घरं अशी खेटून, की समोरच्याच्या कढईत काय शिजतंय ते कळावं. गाडी तोंडाशी लावून ती चालत आत गेली आणि पाचव्या घरापाशी थांबली.

दारात टेलरकाका उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. त्यांच्या पायांशी, फूटभर उंच उंबऱ्यापासून थेट गटाराच्या कडेपर्यंत, नव्या फळ्यांचा रॅम्प होता. खिळे एका रेषेत ठोकलेले. चाक घसरू नये म्हणून वर जाड कापडाच्या पट्ट्या, त्याही टिपा मारून बसवलेल्या. इतकं देखणं काम तिच्या वेल्डरने जन्मात केलं नव्हतं. लांबी तीन फूट.

“आलात! बघा, ताई, तुमच्याच मापाने केलाय. तीनच्या पुढे गेलो असतो तर गटारात गेलो असतो. रिकामी खुर्ची चढवून पाहिली, काय सुरेख जाते!”

काकांच्या मागे, खुर्चीत, त्यांची बायको बसली होती. अंगावर नवे शिवलेले कपडे, मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेली पिशवी. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

“ह्याच का त्या?” तिने नवऱ्याला विचारलं, आणि मग व्हॅनवालीला म्हणाली, “सहा मंगळवार तुमचं पुराण ऐकतेय. ताई पट्टी अशी बांधतात, ताई वळण असं घेतात. मीच म्हटलं होतं यांना, आधी तुम्ही स्वतः खुर्चीत बसून जाऊन या. दारापासून पायाच्या खात्यापर्यंत सगळं मोजून या. मग मी बघेन.”

“कोणाला सांगायचं नाही, ही पण हिचीच अट,” काका म्हणाले. “नाही जमलं तर हसं नको.”

“चौदा महिने झाले घराबाहेर पडले नाही. मागच्या खेपेला चौघांनी उचलून नेलं आणि जिन्यात हातातून पाडलं मला. तेव्हापासून माणसांच्या हाताचा भरवसा वाटत नाही. पण हे रोज वहीतला तो आकडा दाखवायचे. म्हणायचे, हे बाईंचं माप आहे, ह्यात पडायची सोयच नाही.”

काका खुर्चीच्या मागे गेले, ती दारापाशी आणली आणि मुठी सोडून बाजूला झाले.

“धरा, ताई. पहिल्यांदा तुमच्याच हातात देतो.”

व्हॅनवालीने आत जाऊन मुठी धरल्या. ब्रेक सोडला, खुर्ची उंबऱ्यापर्यंत नेली. पुढची चाकं कडेवर आली, आणि बाईचं सगळं वजन एकदम पुढे ओढल्यासारखं तिच्या मनगटात उतरलं. ते वजन तिच्या ओळखीचं होतं. तिने खुर्ची झटकन मागे घेतली आणि ब्रेक लावला.

“हा नको. मी माझा रॅम्प आणते.”

“का? काय झालं?” बाईचे हात पिशवीवरून सुटून चाकांवर गेले. “अहो, काय झालं? मला आत घ्या. घ्या आत. नाही जायचं मला.”

“पण ताई, तुम्हीच तर म्हणालात, तीन फूट…”

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आपला चेहरा लपवायला तिच्याकडे या वेळी आरसाही नव्हता आणि फडकंही.

“काका, त्या दिवशी मी तुम्हाला…”

“माझी चूक,” काका म्हणाले. तिला नव्हे, बायकोला. “ताईंनी सहा सांगितलं होतं. मीच तीन लिहिलं.”

“तुम्ही?”

“हो. गाडीचा आवाज, त्यात सिग्नल. लिहिताना चुकलो.”

बाईने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. समोरच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी राहिली होती, तीही ऐकू लागली.

“तुम्ही चुकलात,” बायको सावकाश म्हणाली. “मापात. अख्ख्या गावात कोणाची बाही कधी बोटभर इकडची तिकडे झाली नाही, आणि बायकोच्या वेळेला तीन फूट?”

“म्हातारा झालो.”

“झालातच!” आणि तिला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोट धरून. समोरच्या बाईलाही तिने ओरडून सांगितलं, “ऐकलंत का हो, आमच्या टेलरांचं माप चुकलं!” हसता हसता तिचे हात चाकांवरून कधी निघाले ते तिलाही कळलं नाही. “आणा मग तो सहाचा. आता उभ्या काय राहिलात?”

काकाही हसले. मान खाली घालून, कान लाल होईपर्यंत हसले. समोरची बाई हे आता संध्याकाळपर्यंत गल्लीभर करणार, हे त्यांना दिसत होतं.

व्हॅनवाली जवळजवळ पळतच गाडीपाशी गेली. रॅम्पच्या पिना काढताना तिचं बोट चिमटलं, रक्त आलं, ते तिने तसंच कपड्याला पुसलं. सहा फुटांचं ते धूड एकटीने ओढत आणून तिने फळ्यांवरून, गटारावरून, थेट गल्लीच्या मधोमध टेकवलं. दोन सायकलवाले थांबले. तिने रॅम्पवर पाय देऊन पाहिला, हलत नाही ना बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि खुर्चीच्या मागे जायला वर चढली.

काका आधीच तिथे उभे होते. त्यांनी दोन्ही मुठी धरल्या होत्या.

“राहू द्या, ताई,” ते हळूच म्हणाले. “मी धरतो.”

ती बाजूला झाली, आणि खाली उताराच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.