विल्फचा खांब

सिरिल टकवेलने घरांपुढे लावलेल्या नव्या फलकावरच्या ओल्या रंगात अंगठा घासला. 'दोनशे वर्षांत इथला एकही दगड बदललेला नाही' यातला 'एकही' फरफटला, पण तो वाचता येत होताच.

"अहो, काय करताय हे!" मिसेस पेनफोल्ड पायऱ्या उतरत धावल्या. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या या चंद्रकोरीसारख्या घरांच्या रांगेच्या रहिवासी मंडळाच्या त्या सचिव. उद्या द्विशताब्दी होती, महापौर यायचे होते.

"खोटं पुसतोय! युद्धात बॉम्ब पडला तेव्हा काही घरांच्या दर्शनी भिंती रस्त्यावर कोसळल्या होत्या, बाई. सात खांब आम्ही दोघा भावांनी नवे घडवले. शेवटच्याचा माथा तासताना विल्फ परांचीवरून पडला. जागच्या जागी गेला."

"अरेरे! हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो."

"पाथरवटाला विचारतो कोण? या घरांसारखीच तऱ्हा तुमची. पुढून राजवाडा, मागून मोरीचे नळ!"

अठ्ठावीस वर्षं तो या रस्त्याला फिरकला नव्हता. सकाळी पेपरात ती ओळ वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धा चहा तसाच टाकून तो निघाला होता.

मिसेस पेनफोल्ड ओशाळल्या. "फलक बदलते. विल्फच्या खांबाखाली त्याच्या नावाची पितळी पट्टीही लावू. आजच. कुठला तो?"

सिरिल ताडताड चालत गेला आणि थबकला.

"शेजारी निळं दार होतं."

"सगळी पांढरी केलीत. मंडळाचा नियम आहे."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम!"

त्याने एका खांबावर हात फिरवला. मग पुढच्या. मग चष्मा लावून, मान वर करून माथ्यांवरची पानं न्याहाळली. सगळीकडे सांधा तोच, टाकीचा घाव तोच. पावसाने आणि काजळीने जुने-नवे सगळे एकसारखे काळवंडले होते. तो रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. सत्तरीच्या म्हाताऱ्याला धाप लागली.

"मिस्टर टकवेल," त्या हळूच म्हणाल्या, "पट्टी कुठे लावू?"

सिरिलने समोरच्या खांबावर मूठ आपटली.

"गाढवा," तो दगडावर ओरडला, "एक तरी घाव वाकडा मारायचा होतास रे!"