नकलाकाराची झोप

बाळापूरच्या जयंतीत नरसिंग स्टेजवर कोसळला, तेव्हा लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या.

नरसिंग साखरेकर, नकलाकार. गाव साखरा, राहायला हिंगोलीत, वय बत्तीस. एसटीचा कंडक्टर, भुसाराचा दुकानदार, रेडिओवर बातम्या देणारी बाई अशा आठ-दहा नकला त्याच्याकडे होत्या. शाळांची संमेलनं, जयंत्या, औंढ्याची जत्रा, बोलावतील तिथं तो जायचा. शहात्तर सालचा एप्रिल होता. चारच्या उन्हात मांडव भरला होता. कंडक्टर होऊन त्यानं पहिल्या रांगेतल्या म्हातारीला विचारलं, "आजे, तिकीट कुठलं फाडू?"

"तिकीट कायला?" म्हातारी म्हणाली. "गाडी तर तुह्या तोंडातच हाय."

मांडव हसला. नरसिंगलाही हसू आलं, खरंखुरं. त्यासरशी त्याचा जबडा लोंबला, मान पुढं पडली आणि गुडघे दुमडले. पडल्या पडल्या त्याला सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलत नव्हतं. जयंती कमिटीचा कोंडीबा वर आला, त्यानं वाकून तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हता. पण मागून कुणीतरी ओरडलं, "जयंतीला पिऊन आला!" आणि तेवढंच गावोगाव पोचलं. त्या उन्हाळ्यात पुढची बोलावणी आलीच नाहीत.

झोपेचा त्रास त्याआधीपासून होता. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी त्यापायीच गेली होती. भरदुपारी गंजीवर झोपलेला दोनदा सापडला, तिसऱ्यांदा मुकादमानं उठवलंही नाही, सरळ हजेरीतून नाव कमी केलं. आता घर चालायचं ते बायकोवर. चांगुणा मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. सकाळचा स्वयंपाक उरकून बाराला घरी यायची, चारला परत जायची. मधल्या वेळात नरसिंग भिंतीकडेला आडवा व्हायचा आणि डोळा लागता लागता त्याला तो माणूस दिसायचा.

पांढऱ्या शर्टाचा माणूस. चुलीपाशी बसलेला, चांगुणेशी हळू आवाजात बोलणारा. चेहरा कधी नीट दिसायचा नाही. नरसिंग उठायला बघायचा, अंग दगडाचं झालेलं असायचं. मग केव्हातरी जाग यायची तर चांगुणा एकटीच तांदूळ निवडत बसलेली.

तो तिला काही विचारत नसे. ती गेली की कुणी बसल्याची ऊब आहे का म्हणून चुलीपुढच्या जमिनीला हात लावून बघायचा. कपबश्या धुतलेल्या आहेत का बघायचा. एकदा तिच्या मागं मागं वसतिगृहापर्यंत गेला आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली तासभर उभा राहिला. भाजीची गाडी सोडून कुणी आलं नाही. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

श्रावणात चांगुणाच त्याला नांदेडला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बरंच विचारून घेतलं.

"हसू आलं की अंगातली ताकद जाते?"

"व्हय."

"हा झोपेचाच रोग आहे. क्वचित कुणाला होतो. दारूचा किंवा वेडाचा काही संबंध नाही. दुपारी ठरावीक वेळी झोपत जा. झोप लागताना काही दिसतं? माणसं वगैरे?"

चांगुणा बाहेर बाकावर बसली होती. नरसिंग म्हणाला, "एक माणूस दिसते."

"ते खरं नसतं. या रोगात तसं दिसतं. लक्ष देऊ नका."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून होता. चांगुणेनं विचारलं, काय म्हणले डॉक्टर? तो म्हणाला, "झोपंचाच रोग हाय म्हणले." बाकीचं सांगितलं नाही. संशय फिटला याचं हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

मग त्यानं हसणं सोडलं. हसूच नाही, रागही आतल्या आत मोडायला शिकला. काही जोरानं वाटू लागलं की मनात पाढे म्हणायचा. औंढ्याच्या एका शाळेनं बोलावलं तेव्हा त्यानं सगळ्या नकला कोऱ्या चेहऱ्यानं केल्या. पोरं हसली. मास्तर म्हणाले, चांगलं झालं. त्याला ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असल्यासारखं ऐकू आलं.

दसरा झाल्यावर एका दुपारी तो माणूस पुन्हा दिसला. या वेळी चेहरा होता. तो चांगुणेचा थोरला भाऊ, जळबा.

"चल माह्यासंगं बाळापूरला," जळबा म्हणत होता. "हा माणूस हसत न्हाई, बोलत न्हाई. किती दिवस असं काढशील, बाई?"

चांगुणेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "आठ दिवस थांब, दादा. त्यायनं मला जाऊ नको म्हणलं तर न्हाई येणार."

नरसिंगला हे सगळं स्पष्ट ऐकू आलं. नेहमीसारखं अंग हललं नाही. जाग आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. खरं नसतं, त्यानं मनात म्हटलं, आणि तोंड धुवायला उठला.

आठ दिवस चांगुणा त्याच्याकडे बघत राहिली. जेवण वाढताना मधेच थांबायची. तो भाकरी खायचा, पाणी प्यायचा. नवव्या दिवशी वसतिगृहाला दिवाळीची सुट्टी लागली. तिनं ट्रंक काढून लुगडी घड्या करायला घेतली.

"कुठं निघालीस?"

"बाळापूरला. दादासंगं. तुमाला तर ठाव हाय."

"मला काय ठाव?"

"तुमचे डोळे अर्धे उघडे होते. समदं ऐकलं तुमी."

नरसिंग खाली बसला. "मला वाटलं सपान हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. पांढऱ्या शर्टाचा माणूस, कपबश्या, कडुनिंबाखालचा तास, डॉक्टरांचं बोलणं. थांबला असता तर राहिलंच असतं, म्हणून एका दमात सांगितलं. चांगुणेच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"दोन साल तुमी मला असं पाहून राहिले?"

"व्हय."

"अन् माहा भाऊ आला, तवा ते सपान."

त्यानं ट्रंकेच्या कडेवर हात ठेवला. म्हणाला, "जाऊ नको."

"नक्कल करून राहिले का?" ती म्हणाली. त्याच्या आवाजात खरंच काही नव्हतं, हे त्यालाही कळलं.

जळबा आला, दाराबाहेरूनच "येतो, दाजी" म्हणाला आणि ट्रंक उचलली. नरसिंग उभा राहिला. गुडघे दुमडले नाहीत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी चांगुणा एकटीच परत आली. ट्रंक कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "नोकरीसाठी आले. पण राहायचं तर एक गोष्ट. जे दिसंल ते उठल्याबराबर मला सांगायचं. खरं का खोटं ते मी सांगीन. मनात ठेवायचं न्हाई."

"बराबर," तो म्हणाला.

तेव्हापासून रोज दुपारी तो उठला की सांगू लागला. दारात बैल उभा होता. न्हाई. कुणीतरी पेटी वाजवत होतं. ते शेजारच्या घरात, खरं हाय. पांढऱ्या शर्टाचा बसला होता. कुणी न्हाई आलं. ती काम न थांबवता सांगायची, तो मान हलवायचा. कोंडीबाचा निरोप आला, येत्या जयंतीला या, त्या दिवशीचं आमी लोकायला समजावून सांगितलं. तेही त्यानं आधी तिला विचारून घेतलं, निरोप खरंच आला होता का म्हणून.

माघात एका दुपारी तो उठून म्हणाला, "तू रडून राहिली होतीस. भिंतीकडं तोंड करून."

चांगुणा पीठ मळत होती. तिचा हात थांबला नाही.

"ते खरं हाय," ती म्हणाली.

"काहून?"

तिनं परातीतलं पीठ पुन्हा गोळा केलं. आपल्याला आत्ता काय वाटायला हवं, याचा नरसिंगनं थोडा वेळ विचार केला. मग तो तिच्याजवळ जाऊन बसला, तांब्या उचलला आणि ती बास म्हणेपर्यंत परातीत थोडं थोडं पाणी घालत राहिला.