पॅसेजमधला मळा

भाजीपाल्यातलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं पाव भाजले. पीठ, पाणी, ऊब, यातलं काहीही विचारा. माती म्हटली की ती हिची, म्हणजे माझ्या बायकोची. गावाच्या कडेला कमिटीचे भाजीचे वाफे आहेत, दोरी लावून आखलेले. त्यातला सोळा नंबर बावीस वर्षं हिच्या नावावर. मी तिथे जायचो ते पिशव्या उचलायला आणि बोलणी खायला.

थंडी सरता सरता ही बाथरूममध्ये घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं, घरी आणली. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "माझं काम झालं. आता रोज चालल्या तर चालतील, पडून राहिल्या तर पडूनच राहतील."

ही पडून राहिली. चार दिवस भिंतीकडे तोंड. वॉकर कोपऱ्यात उभा होता, शेवटी मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो. पाचव्या दिवशी चहा घेऊन गेलो, तर भिंतीकडे बघतच म्हणाली, "अहो, बी टाकलंत का?"

दवाखान्यात जाताना स्ट्रेचरवरून बजावलं होतं हिने. स्वयंपाकघराच्या खिडकीत ट्रे मांडा. टोमॅटो, वांगी, मिरची. आत्ता टाकलं तर दोन महिन्यांनी रोपं लावायला येतील. मी हो हो म्हटलं होतं. मग दवाखाना आणि भट्टी, भट्टी आणि दवाखाना. विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. उद्या करू म्हणत होतो. बी डब्यातच होतं.

"टाकलं की," मी म्हटलं.

"उगवलं?"

"हे बघ, बोटभर."

तोंडातून गेलं ते गेलंच. आणि ही वळली हो! चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तो टॉवेल काढा आणि वॉकर द्या इकडे."

त्या दिवसापासून आमचा पॅसेज म्हणजे हिचा वाफा झाला. चपलांच्या स्टँडपर्यंत टोमॅटो. मीटरच्या पेटीपर्यंत वांगी. बाहेरच्या दारापर्यंत घेवडा. मी सकाळी बातमी द्यायची आणि हिने तेवढं चालायचं.

"आज किती पानं?"

"चार."

"चार? मग आज वांग्यापर्यंत जाते."

दात आवळून, कपाळावर घाम, पण जायची. एकदा मी दमून आलो होतो, बातमी द्यायची राहिली. दुपारी बघतो तर ही पलंगावर, पुन्हा भिंतीकडे तोंड. "काय झालं?" म्हटलं. म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत. मेली असतील रोपं." घाईघाईने दोन पानं वाढवली तेव्हा कुठे उठली. स्वयंपाकघरापर्यंत यायला तिला अजून जमत नव्हतं, मध्ये पायरी आहे. त्या एका पायरीवर माझी अब्रू टिकून होती.

अशात शिट्टी भेटला. शिट्टी म्हणजे शेजारच्या वाफ्याचा मालक. आयुष्यभर मैदानावर पंच होता, अजूनही समोरच्याला नियम सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"भट्टीवाले, सोळा नंबरवर गवत चरायला गाई सोडायच्या का?"

"लावतोय, लावतोय."

"फाटकावरचा कागद वाचलात? येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी पाहणी. अर्धा वाफा हिरवा दिसला पाहिजे. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला. चिटणीसबाई टेप घेऊन येतात, बरं का."

बारा दिवस होते. घरी येऊन डबा उघडला, आणि इथे माझ्या डोक्यातला पाववाला जागा झाला. म्हटलं, पीठ काय, बी काय, फुगायला ऊब लागते. भट्टीच्या मागे आमची पीठ फुगवायची खोली आहे. कोंदट, दमट, दार घट्ट बंद, आत दिवा नाही. गार दिवसातसुद्धा तिथे पीठ तासाभरात दुप्पट होतं. मी पावाच्या पत्र्यांवर माती पसरली, ट्रेसाठीचं सगळं बी टाकलं, वर ओलं फडकं. सगळं म्हणजे सगळं. टोमॅटो, वांगी, मिरची, बावीस वर्षं दरसाल हिने धरून ठेवलेलं.

दहाव्या दिवशी फडकं वर उचललेलं दिसलं. खाली वीतभर रोपं! मी तर नाचायचाच बाकी होतो. रंग जरा फिका होता, पांढरटच म्हणा, पण पावही भट्टीत जायच्या आधी पांढराच असतो. म्हटलं, ऊन लागलं की येईल रंग.

शुक्रवारी सकाळी कामावरून तसाच वाफ्यावर गेलो. गुडघ्यावर बसून गवत काढलं, ओळी पाडल्या, तीनशेच्या वर रोपं लावली. उठलो तेव्हा कंबर माझी नव्हती. पण हिरवं, निदान हिरवटसर, अर्ध्याहून जास्त झालं होतं. घरी जाऊन हिला म्हटलं, "आज सगळी लागली." हे पहिलं खरं वाक्य. ही त्या दिवशी दारापर्यंत गेली. दाराला हात लावून परत आली.

दुपारी म्हटलं, एकदा डोळा भरून बघून यावं.

शिट्टी कुंपणाशी उभा होता. तीनशे रोपं आडवी. ओली सुतळी उन्हात टाकावी तशी मातीला चिकटलेली. एक उचललं तर बोटांत विरघळलं.

"कुठे वाढवली होती?" त्याने विचारलं.

सांगितलं.

"अंधारात?" तो म्हणाला. "अहो, ती उजेड शोधत लांब झाली. जीव नसतो त्यांच्यात. उघड्यावर आणली की संपली."

"पाणी घालू?"

"मेलेल्याला?"

तरी घातलं. झारी झारी घातलं, वेड्यासारखं. मग सायकल काढून रोपवाटिका गाठली. भाजीची रोपं पंधरा दिवसांपूर्वीच संपलेली. शोभेची फुलं होती. मालक म्हणाला, "काका, आत्ता येताय होय?" दुसरीकडे गेलो, तिथे कुलूप.

शनिवारी चिटणीसबाई आल्या. पूर्वी शिवणकाम करायच्या, टेप अजून गळ्यातच. मोजायला वाकल्या, आणि न मोजताच उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"रोपं होती."

"मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. आणि खरंच वाटत होतं त्यांना, म्हणून जास्त लागलं. "वहिनी कुठे आहेत? दरवर्षी सगळ्यात आधी त्यांचा वाफा तयार असतो."

सांगितलं. खुबा, ऑपरेशन, सगळं. त्या चिडल्या. "मग आधी नाही का सांगायचं? आजारपणाला तीन आठवड्यांची मुदत देतो आम्ही. फक्त वाफा ज्याच्या नावावर, त्याचा अर्ज हवा. त्याच्या सहीचा. आज पाचपर्यंत. पाचनंतर मी यादीतल्या माणसाला कळवणार, माझाही इलाज नाही."

कोरा अर्ज हातात दिला. कारण काय, वाफ्याची सध्याची स्थिती काय, दोन रकाने.

घरी जाताना वाटेत बाकावर बसलो. हिची सही मला येते. बँकेचे कागद बघून बघून हात बसलाय, एक गोल आणि खाली शेपूट. पेन खिशात होतं. सही केली असती तर वाफा वाचला असता आणि पॅसेजमधला मळाही वाचला असता. पेन काढलंसुद्धा. पण मग पुढे काय? सोमवारी आणखी एक पान, मग फूल, मग टोमॅटो? टोमॅटो बाजारातून आणून दाखवणार होतो काय? आणि ज्या दिवशी ती पायरी उतरेल, त्या दिवशी? खोट्याला मुदतवाढ मिळत नाही. आणि खरं सांगितलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी वळणार नाही. दोन्हीकडून तेच. बाकावर एवढा मोठा माणूस रडत होता, येणारेजाणारे बघत होते.

साडेतीनला घरी पोचलो. ही चपलांच्या स्टँडपाशी उभी होती, वॉकर धरून.

"आज काय बातमी?"

"बातमी नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हती."

सगळं सांगितलं. ट्रे मांडलेच नव्हते ते. चार पानं, सहा पानं, सगळी माझ्या तोंडची. फुगवायची खोली. बी संपलं, हेही सांगितलं. ही ऐकत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. वॉकरवर हात घट्ट होत गेले आणि वॉकर एका बाजूला कलायला लागला. मी धरायला गेलो.

"हात लावू नका."

अर्ज स्टँडवर ठेवून उभ्यानेच सही केली. गोल आणि शेपूट. स्थितीच्या रकान्यात मी काही लिहिलं नव्हतं, तिथे तिनेच लिहिलं, रिकामा.

मग विचारलं, "टोमॅटो सगळं टाकलंत?"

"सगळं."

"वांगी?"

मी होकाराची मान हलवली.

"घेवडा?"

घेवडा मी टाकलाच नव्हता. मोठं बी, फडक्याखाली मावेना म्हणून ठेवून दिलं होतं. अक्कल म्हणून नव्हे.

"घेवड्याला खिडकी लागत नाही, तुमची भट्टीही लागत नाही," ती म्हणाली. "सरळ मातीत टोचायचा. उशीर झालाय, पण बसेल. कदाचित. गाडी बोलवा."

"डॉक्टरांनी जिना..."

"गाडी बोलवा म्हटलं ना!"

फोन केल्यावर धावत आलेल्या शिट्टीने आणि मी तिला जिन्यावरून खुर्चीसकट उतरवली. अर्ज पाचला दहा कमी असताना पोचला. वाफ्यावर गेलो तर वॉकरची चाकं मऊ मातीत रुतली. मी पावाचं रिकामं खोकं उपडं घातलं, त्यावर ती बसली. मेलेल्या रोपांकडे तिने एकदा बघितलं. बावीस वर्षांचं बी. तोंड इतकं आवळलं की मी मान फिरवली.

मग काठीने खुणा करायला लागली.

"इथे. दोन बोटं खोल. दोन म्हटलं, तीन नाही. पाव दाबताय का? हलक्या हाताने झाका."

माझ्याशी तेवढंच बोलली. माफ बिफ काही केलं नाही, आजतागायत नाही. शिट्टी पाणी आणत होता. ओळीचा पहिला भाग झाला. पुढचं तिला बसल्या जागेवरून दिसेना. म्हणाली, "खोकं पुढे सरकवा."

खोकं सरकवायचं म्हणजे तिला उठावं लागणार. मी तिच्याकडे बघितलं.

"बघताय काय," ती म्हणाली आणि शिट्टीच्या खांद्यावर जोर देऊन उठली. गालावर पाणी होतं, रागाचं की दुखण्याचं, विचारायची माझी छाती झाली नाही. मी खोकं हातभर पुढे ढकललं, ती दोन पावलं टाकून बसली, मी गुडघ्यावर आलो आणि पुढचं बी हातात घेतलं.