दोन बोटं खिडकी

शिवणाच्या खोलीतल्या थर्मामीटरचा पारा पुन्हा सतरावर चढून बसला होता. सकाळी तिने स्वतःच्या हाताने दोन बोटं उघडी ठेवलेली खिडकी गच्च बंद. सलग तिसरा दिवस.

टेबलावर, शिलाई मशीनच्या शेजारी, कागदी कपांत टोमॅटोची सात रोपं उभी होती. उभी कसली, लांबुडकी होऊन माना टाकायच्या बेतात होती. सातवं तर कपाच्या काठाला टेकलंच होतं.

सातच होती, हेच सगळं दुखणं. सासूबाई दर उन्हाळ्यात आपल्याच टोमॅटोचं बी धरायच्या. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या आणि बी धरायचं राहूनच गेलं. त्या गेल्यावर बटणांच्या डब्यात एक जुनी पुडी सापडली. वर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, ‘आपला टोमॅटो’. तीस बिया पेरल्या, सात उगवल्या. ही गेली की तो टोमॅटो कायमचा गेला.

आणि थंडीचा धडा सासऱ्यांचाच, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आबांचा. उभा जन्म रोपवाटिकेत काढलेला माणूस. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी त्यांनी तिला सांगितलं होतं, "पहिली दोन पानं उघडली ना, की ऊब काढून घ्यायची. उजेड भरपूर, पण पारा दहा ते तेरा. तीन आठवडे. बुंधा जाड होतो, आणि पहिल्याच घोसाला फुलं बघ कशी लगडतात. लाड केलेस तर नुसती उंच होऊन कोलमडतील."

म्हणून तर घरातली ही एकच बिनहीटरची खोली निवडली होती. खिडकी दोन बोटं उघडली की पारा बरोबर अकरावर यायचा. मग ती लावतंय कोण?

"भिंगरे! इकडे ये आधी."

भिंगरी, वय वर्षं चार, एकाच पायात मोजा घालून हजर झाली.

"खिडकी तू लावलीस?"

"मी नाही."

"मग काय वाऱ्याने कडी घातली? काल बाहुलीला पांघरूण, आज रोपांची दया आली असेल! त्यांना गारच हवं म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी नाही लावली!" पोरीचा ओठ थरथरला. "माझा हात पण नाही पुरत. हे बघ." ती स्टुलावर चढली, टाचा उचलल्या, बोटं ताणली. कडी चांगली वीतभर वर राहिली.

आईचा चेहरा उतरला. नवरा तर आठवडाभर कामासाठी बाहेरगावी. उरलं कोण?

तिने खिडकी उघडली आणि शेजारी स्वयंपाकघरात येऊन भांडी विसळायला लागली. दहा मिनिटं झाली असतील नसतील, भिंतीपलीकडे कडी वाजली.

ती दारात पोचली तेव्हा आबांचा हात कडीवरच होता.

"आबा, तुम्ही?"

"अगं... जरा जास्तच गार वाटलं."

"गारच तर हवं. तुम्हीच शिकवलंत."

"मीच," म्हणत ते सासूबाईंच्या खुर्चीत बसले. "हजारो रोपं गारठवली मी. कधी काही वाटलं नाही. पण ही तिची रोपं... शेवटी शेवटी तिला सारखी थंडी वाजायची, आठवतंय ना? तीन तीन पांघरुणं घातली तरी. ही खिडकी उघडी दिसली, की मागून ऐकू येतं, ‘अहो, तेवढी खिडकी लावा हो.’ मग पाय निघत नाही गं माझा."

तिने सातवा कप उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला, बोटाने खोड चाचपलं. "दोऱ्यासारखं झालंय. मीच बिघडवलं."

"आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणते कसली! रोपं आत ठेवली असती आणि मला खिडकीबाहेर." डोळे भरले होते, तरी ते हसले.

मग उठले. कडी काढली, बोटं लावून मोजली आणि तेवढीच फट ठेवली. गार वारा आत आला, सातही रोपं हलली. आबांचा हात मात्र कडीवरून निघेना.

भिंगरी दारातून सगळं बघत होती. ती पळत गेली आणि आजीची शाल फरफटत घेऊन आली.

"अगं, रोपांना नको!" आई म्हणाली.

"रोपांना नाहीच." भिंगरीने स्टूल ओढलं, वर चढली आणि शाल आजोबांच्या खांद्यावर टाकली. "आबांना थोडंच तीन आठवडे थंडीत ठेवायचंय?"

कडीवरचा हात सुटला आणि नातीच्या डोक्यावर आला.

"आणि आई, तू मला उगाच ओरडलीस."

"चुकलं गं माझं."

"कान धर. आबा, तुम्ही पण!"

दोघांनी मुकाट्याने कान धरले. आबांनी एकच धरला, दुसऱ्या हातात कप होता.

"सूनबाई, जरा माती आण," कान सोडत ते म्हणाले, "याला पानांच्या देठापर्यंत पुरून घेऊ. अजून अठरा दिवस आहेत, धरेल अंग."

ती माती घेऊन परतली तेव्हा पारा तेरावर आला होता. खिडकी दोन बोटं उघडी होती आणि शालीतून आता दोन डोकी बाहेर डोकावत होती.